लोखंडी दारामागचं सातवं नाव

एशाती मावशी जिना पुसायची म्हणजे नुसता पुसायची नाही. आधी कोरडा झाडू, मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, आणि शेवटी बादलीत झाकणभर संत्र्याच्या वासाचं काहीतरी टाकून परत एकदा. मार्सेच्या उत्तरेच्या अंगाला ला काप्रिएर वसाहत, त्यातला तेरा मजल्यांचा ब्लॉक, तीन जिने, दोन लिफ्ट, त्यातली एक कायमची बंद. खाली दिवसभर पोरं उभी, त्यांच्या सिगरेटी, त्यांचे डबे, त्यांच्या पिंका. तरी सकाळी साडेनऊला तिच्या जिन्यात पाय ठेवला की वास संत्र्याचा यायचा. ती कोमोरोच्या बेटावरून आलेली, नवरा वारलेला, लेक लग्न होऊन लियोंला. या ब्लॉकवर कामाला तिला चार वर्षं झाली होती आणि सगळा ब्लॉक तिला मावशीच म्हणायचा, तोंडात सिगरेट धरून उभी असलेली पोरंसुद्धा.

मे महिन्यात टीव्हीच्या मालिकेवाले आले. पॅरिसचे लोक. पोलिसांची मालिका, खुनाची, म्हणजे गरीब वस्ती, ड्रग्ज, भिंतीमागून गोळ्या, तसली. पहिल्याच सकाळी क्लेमांस नावाची एक मुलगी, भिंती रंगवणारी, पहिल्या मजल्यावर उभी राहून इकडेतिकडे बघत राहिली आणि मावशीला म्हणाली, "मावशी, हे फारच स्वच्छ आहे हो. बघणाऱ्याला खरं वाटणार नाही."

मावशीला वाटलं कौतुक करतेय. ती हसली.

मग त्यांनी बाटल्यांतून चहाच्या रंगाचं पाणी भिंतींवर मारलं, कोपऱ्यात पिवळे डाग पाडले, चांगल्या टपालपेट्यांवर दुसऱ्या फुटक्या पेट्या आणून ठोकल्या आणि त्यांना गोळ्यांच्या भोकांचे स्टिकर लावले. वसाहतीच्या ऑफिसनं आठच दिवसांपूर्वी अंगणातली खरी जळकी गाडी उचलून नेली होती, तर यांनी ट्रकवरून दुसरी जळकी गाडी आणून त्याच जागी ठेवली. खिडक्यांतून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीला सांगितलं, तीन आठवडे झाडू लावायचा नाही. ती हाताची घडी घालून बघत राहायची, कुणी तिच्याच तोंडाला काळं फासतंय अशा चेहऱ्यानं. संध्याकाळी बहिणीला फोन करून सांगायची, आज दुसऱ्या मजल्यावर घाण केली आणि ती घाण सुकू नये म्हणून एक माणूस ठेवलाय, त्याला जेवणसुद्धा मिळतं.

तळमजल्यावर मस्यू तोमाझी राहायचे. कोर्सिकाचे, आयुष्यभर बंदरावर बोजे उचललेले, आता गुडघे गेलेले. त्यांना एकच नाद, खुनाच्या कादंबऱ्या. रविवारच्या जुन्या बाजारातून खोकंच्या खोकं घेऊन यायचे, काळ्या पाठीची पुस्तकं, सिंकखाली पुस्तकं, बाथरूममध्ये पुस्तकं. शूटिंग चालू असताना ते खिडकीत बसून एकेक गोष्ट नापास करायचे. पोलिसाला जूनच्या उन्हात चामड्याचं जाकीट, म्हणायचे. आणि पोलीस लिफ्टनं वर जातो, म्हणायचे, आमच्या लिफ्टनं, खुनी सापडेपर्यंत हा पेन्शनीत निघेल.

त्यांच्या खिडकीसमोरच ते लोखंडी दार. तळघरात सायकली ठेवायच्या बोळाचं. मावशी आल्यापासून ते दार बंदच होतं, भलं मोठं कुलूप. तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, इथे पुसायचं का, तर ऑफिसातला माणूस म्हणाला, ते सोडून दे. तिनं सोडून दिलं. मालिकेवाल्यांना मात्र पळापळीच्या दृश्याला तसाच अंधारा बोळ हवा होता, त्यांनी ऑफिसकडून ते उघडवून घेतलं. राखणीला त्यांनी वसाहतीतलीच पोरं ठेवली. तसंच करतात सगळे, नाहीतर एक केबल जागेवर राहायची नाही. त्या पोरांचा म्होरक्या नदीर सायघी. तिशीचा, उंच, फार न बोलणारा. अंगणातली सगळी पोरं त्याचं ऐकायची. तो कधी ओरडला असं कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

तीन आठवड्यांनी शूटिंग संपलं. क्लेमांस आदल्याच दिवशी पॅरिसला गेली. शुक्रवारी सकाळी मालिकेवाल्यांतल्या एका लांबड्या पोरानं, कानात ते गाण्याचं बटण घालून, मावशीच्या हातात लोखंडी दाराची किल्ली दिली. जिन्यातलं, बोळातलं, भिंतीवर जे दिसेल ते सगळं आमचं आहे, म्हणाला. साधा पाण्याचा रंग आहे, पुसलं की जातं. फुलंबिलं कचऱ्यात टाका. आणि गेला.

मावशीचा आनंद काय सांगावा. तीन आठवडे तुंबलेले हात. दुपारपर्यंत तिनं तिन्ही जिने धुऊन काढले, जेवलीसुद्धा नाही, आणि मग बादली घेऊन पहिल्यांदाच त्या बोळात उतरली.

आत दिवा होता. लांब भिंत. भिंतीवर मोठ्या अक्षरात नावं लिहिलेली, खाली मेणबत्त्या, प्लास्टिकची फुलं, आणि एक काचेचा चहाचा ग्लास, छोटा, काठाला सोनेरी रेघ असलेला. मालिकेत कुणाकुणाची पोरं मेलेली दाखवली असणार त्यांची नावं, हे तिला कळलं. वाचता नाही आली तिला. मावशी शाळेत गेली ती लहानपणी गावातल्या मदरशात, तिथली अरबी अक्षरं तिला यायची, ही फ्रेंच अक्षरं सहीपुरतीच. पण मोजता येत होती. सात नावं.

पहिलं नाव ओल्या फडक्यानं निळं पाणी होऊन खाली आलं. दुसरं, तिसरं तसंच. सहा नावं दहा मिनिटांत गेली.

सातवं जाईना.

तिनं साबण लावला. नाही. गरम पाणी आणलं. नाही. तिला राग आला त्या लांबड्या पोराचा, पाण्यानं जातं म्हणे. मग ती वर गेली आणि तिच्या कपाटातून थिनर आणि तारेची घासणी घेऊन आली, टपालपेट्यांवरची शाई काढायला ती ठेवलेली असायची. आणि घासलं. तोंडाला ओढणी बांधून, गुडघ्यावर बसून, उभं राहून, दोन्ही हातांनी अर्धा तास घासलं. शेवटी भिंत पांढरी झाली. तिला इतकं बरं वाटलं की बोळात ती एकटीच हसली. फुलं मेणबत्त्या कचऱ्याच्या पिशवीत भरल्या. ग्लास मात्र चांगला होता. असला ग्लास कचऱ्यात टाकायचा म्हणजे पाप. तो तिनं एप्रनच्या खिशात घातला, घरी नेऊन धुतला आणि फळीवर ठेवला. शनिवारी आणि रविवारी त्यातून चहा प्यायली.

सोमवारी सकाळी मस्यू तोमाझी खिडकीत नव्हते. दारात उभे होते, काठी घेऊन. ते दारात कधी यायचे नाहीत.

"मादाम एशाती, आत या," ते म्हणाले. "बादली बाहेर राहू द्या. दार लावा."

तिनं दार लावलं. त्यांनी विचारलं, बोळ कुणी धुतला. ती म्हणाली, मी. सगळा? सगळा. सगळी नावं? हो, म्हणाली, एक फार चिवट होतं पण मी काही सोडलं नाही. आणि हे सांगताना ती अजून हसत होती, हे तिला पुढे कायम आठवायचं.

मस्यू तोमाझी खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगितलं. सात वर्षांपूर्वी त्या बोळात लोत्फी सायघीला गोळी घातली. एकोणीस वर्षांचा, नदीरचा धाकटा भाऊ. तो कशातच नव्हता, सायकल काढायला गेला होता, अंधारात दुसऱ्याच कुणासाठी आलेली गोळी त्याला लागली. ज्या भिंतीशी तो पडला तिथे त्याच्या दोस्तांनी त्याचं नाव लिहिलं. मग ऑफिसनं दाराला कुलूप घातलं ते सात वर्षं. मालिकेवाल्यांना ते नाव इतकं आवडलं की त्यांनी बाजूला त्याच वळणाची खोटी सहा नावं रंगवली. नदीरनं दार उघडू दिलं ते एकाच अटीवर, त्याच्या भावाच्या नावाला बोट लावायचं नाही. आणि क्लेमांसनं ते पाळलंही होतं, तीन आठवडे.

 ग्लास, मावशी म्हणाली. तिथे एक ग्लास होता.

"चहाचा? तो आईनं भरून ठेवला होता," मस्यू तोमाझी म्हणाले. "सात वर्षांनी दार उघडलं तेव्हा मादाम सायघी चौथ्या मजल्यावरून खाली आल्या, मी इथूनच बघितलं. त्या लोकांनी त्याचंही शूटिंग केलं. कुठे आहे तो?"

माझ्या घरी फळीवर, हे तिनं सांगितलं नाही.

म्हातारा बिचारा वाईट नव्हता. पण त्याच्या डोक्यात चाळीस वर्षांच्या कादंबऱ्या, आणि जे त्याला माहीत ते तो सांगत सुटला. पहिले दोन दिवस काही करत नाहीत, म्हणाला, नुसती नजर ठेवतात. मग एखादी वस्तू हलवतात, तुम्हाला कळावं म्हणून. लिफ्टमध्ये एकटं शिरू नका. रोज त्याच रस्त्यानं जाऊ नका. आणि कुणी कुठे बोलावलं तर जाऊ नका, पुस्तकात जो जातो तो पुढच्या पानावर नसतो. मावशी म्हणाली, मस्यू तोमाझी, मला जिना पुसायला तोच रस्ता आहे. तो म्हणाला, हो, ते अवघड आहे खरं.

ती बाहेर आली तर अंगण गप्प. एरवी पोरं लांबूनच सलाम मावशी, आज काय शिजवलंय मावशी, एवढं सगळं करायची. आज सहा जणं भिंतीला टेकून उभी होती आणि कुणी काही बोललं नाही. नुसती डोकी वळली.  तिनं मान खाली घालून पहिला जिना पुसला, दुसरा पुसला, आणि कुठला मजला झाला नि कुठला राहिला ते तिला कळेना. तिसऱ्या मजल्यावर वरून पावलं ऐकू आली तर ती भिंतीला चिकटून उभी राहिली. एक बाई भाजीची पिशवी घेऊन खाली गेली, हिच्याकडे बघत.

मंगळवारी तिच्या झाडूच्या कपाटाचं कुलूप तुटलेलं होतं. आत सगळं जागेवर, फक्त बादली नाही. बादली सापडली लोखंडी दाराच्या कडीला, उलटी टांगलेली.

ती बादली काढायला तिनं हात वर केला तशी कडी वाजली. कुणीतरी मागे हसलं. वळली तर कुणीच नाही.

बहिणीनं फोनवर विचारलं, पोलिसांकडे का जात नाहीस. मावशी म्हणाली, जाऊन काय सांगू, मी भिंत धुतली? आणि पोलिसांच्या दारात शिरताना कुणी बघितलं तर परत येऊन राहायचं कुठे? मग ऑफिसला सांग. ऑफिस म्हणेल, तुला पुसायला कुणी सांगितलं होतं. त्या लांबड्या पोराचं नावही तिला माहीत नव्हतं. बहीण म्हणाली, मग सरळ वर जा, आईचे पाय धर. मावशी तीनदा चौथ्या मजल्यापर्यंत गेली आणि तीनदा दाराची घंटी न वाजवता खाली आली. दाराआड बाई खोकत होत्या, ते ऐकलं की ती मागे वळायची. बाईंना काय सांगणार होती ती? तुमचा मुलगा मी थिनरनं घासला, असं?

ग्लास तिनं फळीवरून काढून कपड्यांत गुंडाळून ठेवला. घरात तो दिसला की तिला वाटायचं, कुणीतरी आत येऊन बसलंय.

बुधवारी दुपारी बस स्टॉपवर एक स्कूटर तिच्या पायाशी येऊन थांबली. हेल्मेटच्या आतून आवाज आला, नदीरनं बोलावलंय, उद्या चार वाजता, लोखंडी दाराशी. मग स्कूटर जरा पुढे गेली आणि परत मागे आली.

"बादली घेऊन यायचं, मावशी."

मस्यू तोमाझींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणाले, एका पुस्तकात माणसाला स्वतःची कुदळ घेऊन यायला सांगतात. आणि लगेच म्हणाले, पण ते पुस्तक काही फार चांगलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मावशीनं बॅग भरली. दोन झगे, औषधं, कुराण, नवऱ्याचा फोटो. लियोंला लेकीकडे जायचं, मग पुढचं पुढे. ब्लॉकवर कामाला गेलीच नाही, चार वर्षांत पहिल्यांदा. जीव मुठीत धरून मागच्या रस्त्यानं बस गाठली, मोठ्या स्टेशनवर उतरली, तिथल्या उंच पायऱ्यांच्या खाली उभी राहिली. वाऱ्यानं डोळ्यांत धूळ जात होती. औषधाची वेळ झाली म्हणून तिनं बॅगेत हात घातला, आणि हाताला लागला तो ग्लास. कपड्यांत गुंडाळलेला तसाच बॅगेत आला होता.

तिथेच पायरीवर बसली ती. लोक वळसा घालून जात होते. आता ती नुसती पळणारी नव्हती, मेलेल्या पोराचा ग्लास घेऊन पळणारी होती. कचराकुंडी चार पावलांवर होती. कुणी बघत नव्हतं. पण त्या ग्लासातून ती दोन दिवस चहा प्यायली होती, आणि तो ज्याच्यासाठी भरून ठेवला होता त्यानं एक घोटही घेतला नव्हता. हे तिच्या मनात आलं आणि मग ते जाईचना. पुढे ती म्हणायची, मी काही शूर होऊन परत आले नाही. मला नदीरची भीती वाटली त्याहून जास्त ग्लासाची वाटली, एवढंच.

चारला पाच मिनिटं कमी होती तेव्हा ती अंगणात शिरली, एका हातात कपाटातून काढलेली बादली, दुसऱ्या हातात बॅग. लोखंडी दार सताड उघडं होतं. मस्यू तोमाझी खिडकीत होते, हातात पुस्तक, पण ते उलटं धरलेलं तिला लांबूनही दिसलं.

बोळात सहा सात पोरं आणि नदीर. आणि मधे प्लास्टिकच्या खुर्चीवर मादाम सायघी, डोक्याला रुमाल, हात मांडीवर.  भिंतीवर तो घासलेला पांढरा डाग, सगळ्या भिंतीत तेवढाच चमकत होता. 

कुणी सांगितलं, नदीरनं विचारलं. तिनं सांगितलं, मालिकेवाल्या पोरानं, सगळं पाण्यानं जातं म्हणाला. आणि पाण्यानं गेलं का? सहा गेली. आणि सातवं?

"सातवं नाही गेलं."

"सहा पाण्यानं गेली, सातवं नाही गेलं," नदीर म्हणाला, हळूच. "तिथेच तुला कळायला हवं होतं, मावशी."

"हो," ती म्हणाली. "कळायला हवं होतं."

तिला वाटलं, आता. तिनं डोळे मिटले. पण काही झालं नाही, म्हणून उघडले, तर मादाम सायघी तिच्याकडे बघत होत्या.

"घासायला जोर लागला का?" बाईंनी विचारलं.

"लागला, ताई."

"किती वेळ?"

"अर्धा तास. थिनर लावून."

बाईंनी मान हलवली. "बरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे सहजासहजी गेला नाही."

 मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हात रिकामा नाही पुसायला.

नदीरनं तिच्या हातून बादली घेतली आणि जमिनीवर ठेवली, तिच्यात रंगाचा डबा आणि ब्रश टाकला. काळा रंग, खरा, न जाणारा. ज्यानं पहिलं नाव लिहिलं होतं तो पोरगा आता तुरुंगात होता, आणि दुसऱ्या कुणाची तिथे हात लावायची हिंमत नव्हती. तू पुसलंस, तू लिही, नदीर म्हणाला. आमच्यासमोर.

मला तुमची अक्षरं येत नाहीत, ती म्हणाली. मागून एकजण फिसकन हसला, म्हणाला, मावशीला शाळेत घाला रे. नदीरनं नुसतं वळून बघितलं, हसणं थांबलं. मग येतं ते लिही, तो म्हणाला, पण लिही.

तिनं ब्रश घेतला. भिंतीसमोर उभी राहिली. पन्नास वर्षांपूर्वी लाकडाच्या पाटीवर बोरूनं गिरवलेली अक्षरं, तेवढीच तिच्या हाताला ठाऊक. नाव मनातल्या मनात म्हटलं आणि उजवीकडून सुरुवात केली. पहिला उभा दांडा. मग पोटाचं अक्षर. रंग घट्ट होता, ब्रश जड. शेवटच्या अक्षराला ती आली तेव्हा मागे कुजबुज सुरू झाली, हे काय काढतेय, हे त्याचं नाव नाही, ही थट्टा करतेय का आपली. नदीरनं पुढे होऊन तिचं मनगट पकडलं. ब्रश घसरला. अक्षराची शेपटी खाली ओढली गेली, वीतभर, आणि तिथून रंगाचा ओघळ थेट जमिनीपर्यंत गेला.

"हे काय लिहिलंस?"

  मनगटावर त्याची बोटं, आणि ती बोटंसुद्धा कापत होती, ते तिला कळलं आणि त्याची तिला आणखी भीती वाटली.

मादाम सायघी उठल्या. खुर्चीला धरून, मग भिंतीला धरून, नावापाशी आल्या. ओल्या रंगाला न लावता हवेतूनच बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे.

"लोत्फी," त्या म्हणाल्या. आणि मागे न बघता, "उजवीकडून वाचतात रे, गाढवांनो. तुमच्या आजीनं दळणाच्या पिशव्यांवर याच अक्षरात नावं घातली होती. सोड तिचा हात."

नदीरनं सोडला. तो भिंतीकडे बघत राहिला. भावाचं नाव त्याला वाचता येत नव्हतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

मावशीनं बॅगेतून ग्लास काढला, कपडा सोडवला. मी यातून चहा प्यायले, तिनं सांगून टाकलं, मला माहीत नव्हतं. बाईंनी ग्लास उजेडाकडे धरून बघितला. चांगला धुतलास, म्हणाल्या, आणि भिंतीशी ठेवला. एका पोरानं तो ओघळ बोटानं पुसायला हात पुढे केला तर बाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. राहू दे, म्हणाल्या.

बाहेर पडताना नदीर दारात उभा होता. म्हणाला, आता हे दार बंद होणार नाही, ऑफिसला सांगितलंय. दर गुरुवारी बोळ धुवायचा. आणि यातलं एक अक्षर जरी पुसट झालं, मावशी, तर तुलाच बोलावीन. तो धमकी देत होता की काम सांगत होता, ते मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही. ती हो म्हणाली. तोमाझींच्या खिडकीखालून जाताना ती तिथेच कठड्यावर बसली. म्हाताऱ्यानं खिडकीतून पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाला, पुस्तकात तुम्ही आता नसता, मादाम एशाती.

मालिका टीव्हीवर आली ती पुढच्या हिवाळ्यात. मावशीनं ती मस्यू तोमाझींकडे बसून बघितली. चामड्याच्या जाकिटातला पोलीस बोळातून पळतो तेव्हा मागे सात नावं दिसतात आणि कोपऱ्यात ग्लास, एवढासा वेळ, तेवढ्यात ते संपतंसुद्धा. मावशीनं खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की वळ उठले. मस्यू तोमाझी म्हणाले, खुनी कोण ते मला दुसऱ्या भागातच कळलं होतं. तिनं विचारलं, लोत्फीला कुणी मारलं ते कळलं का? ते म्हणाले, नाही, ते या मालिकेत नाही.

त्यानंतरची आठ वर्षं ती त्याच ब्लॉकवर होती. भीती काही तिच्या अंगातून गेली नाही. स्कूटर मागून आली की भिंतीकडे सरायची. आणि विचारल्याशिवाय तिनं भिंतीवरचं काही पुसलं नाही. एखाद्या पोरीनं खडूनं मांजर काढलेलं असलं तरी दारोदार जाऊन विचारायची, हे कुणाचं आहे, पुसू का. ऑफिसचा माणूस तिला चिडून बोलला होता, जिना पूर्वीसारखा राहिला नाही म्हणून. ती म्हणाली होती, नसेल. गुरुवारी मात्र बोळ धुवायची, नावाच्या भोवतीनं, हातात फडकं घेऊन, बादली लांब ठेवून.

ती गेली जानेवारीत, दवाखान्यात, तीन दिवसांच्या तापानं. परवा तिचा चाळिसावा दिवस झाला. घरात तिच्या हाताचं लिहिलेलं काही सापडत नाही, एक चिठ्ठीसुद्धा नाही, बँकेच्या कागदावरची ती तुटकी सही सोडली तर. म्हणून चाळिसाव्यानंतर घरचे सगळे त्या बोळात जाऊन आले. नदीरनं दिवा लावून दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्याच्या आईला आता खाली उतरवत नाही, ग्लास तोच भरून आणतो.

नाव आहे तसं आहे. उजवीकडून सुरू होतं, पहिली अक्षरं सरळ, जाड, मदरशातल्या पोरीनं मन लावून काढल्यासारखी. आणि शेवटच्या अक्षरापाशी जिथे तिचं मनगट धरलं होतं तिथे ती शेपटी घसरून खाली येते, आणि तो काळा ओघळ अजून जमिनीपर्यंत गेलेला दिसतो. बोट ठेवलं तर बोटाला कळतं, तिचा हात किती कापत होता ते.